होडीच्या इलेक्ट्रिक मोटरसाठी बॅटरी: जोडणी आणि चार्जिंग

12 व्होल्टची, 55 पाउंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे होडीची छोटी इलेक्ट्रिक मोटर, तीन मीटरच्या रबरी किंवा छोट्या फायबरच्या होडीला पुरते. दोन माणसं, थोडं सामान, धरणाचा जलाशय किंवा खाडीचा आतला शांत भाग, एवढ्यासाठी त्याहून मोठं काही लागत नाही. पण मोटरच्या खोक्यात बॅटरी नसते, वायर जेमतेम दीड मीटर असते आणि फ्यूज बहुधा नसतोच. विकणारा सांगतो, ‘‘100 एएचची कुठलीही बॅटरी लावा, तीन-चार तास सहज चालेल.’’ यात तीन गडबडी आहेत. कुठलीही बॅटरी चालत नाही. कागदावरचे 100 एएच, म्हणजे अँपिअर-तास (किती अँपिअर किती तास मिळतील त्याचा गुणाकार), हातात 100 येत नाहीत. आणि किती तास चालेल हे मोटरपेक्षा वेगाच्या मुठीवरचा हात ठरवतो.

आधी मोटर किती ओढते ते पाहू. 55 पाउंडाची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगाला 50 अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे साधारण 600 वॅट. लहान होडीला एवढ्यात ताशी सहा-साडेसहा किलोमीटरचा वेग मिळतो. इथे पाण्याचा एक नियम पक्का डोक्यात हवा: पाणी कापत जाणाऱ्या होडीला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, तर शक्ती निम्मी नाही, जवळपास एक अष्टमांश लागते. प्रत्यक्षात मोटरची आणि पंख्याची कार्यक्षमता कमी वेगाला थोडी घसरते, म्हणून हिशेब इतका देखणा येत नाही. तरी ताशी चार किलोमीटरला 15 अँपिअर धरायला हरकत नाही. जाऊन-येऊन आठ किलोमीटर जायचं असेल, तर पूर्ण वेगाने सव्वा तास आणि 60 हून जास्त अँपिअर-तास लागतात; चारच्या वेगाने दोन तास लागतात, पण 30 अँपिअर-तासांत काम होतं. पाऊण तास जास्त घालवून बॅटरी निम्मी वाचते. केरळात वैकमला 2017 पासून धावणारी 75 आसनांची ‘आदित्य’ ही सौर फेरीबोट 20 किलोवॅटच्या दोन मोटरींवर एवढी माणसं नेते, तेही हलके जुळे सांगाडे आणि बेताचा वेग या जोरावरच.

हा फायदा मोटरच्या कंट्रोलरवरही अवलंबून आहे. पाच पायऱ्यांची स्वस्त मोटर खालच्या गतीला जास्तीची वीज कॉइलमध्ये किंवा रेझिस्टरमध्ये उष्णता करून घालवते. त्यामुळे वेग कमी झाला, तरी अँपिअर त्या मानाने उतरत नाहीत. मुठीने सलग वेग बदलणारी पीडब्ल्यूएम कंट्रोलरची (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग ठरवणारी) मोटर महाग असते, पण बॅटरीवर खर्च करण्याआधी तिच्यावर करावा. तोच पैसा दुप्पट बॅटरी घेण्यात घातला, तर होडीत वजनही दुप्पट येतं. आपली मोटर प्रत्येक पायरीला किती ओढते हे पत्रकात शोधत बसू नका. वायरभोवती चिमटा लावून डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर घ्या, होडी धक्क्याला बांधा आणि पायरी-पायरीने मोजून कागदावर लिहा. बांधलेल्या होडीत आकडे चालत्या होडीपेक्षा थोडे जास्त येतात, ते चालतं. घेताना मीटरवर डीसी अँपिअरची खूण आहे ना ते पाहा. इलेक्ट्रिशियनकडचे बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात.

आता बॅटरी. घरात इन्व्हर्टरची 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी असतेच, तीच सुट्टीच्या दिवशी होडीत का ठेवू नये, हा प्रश्न नेहमी येतो. प्लेट चांगल्या, डीप सायकल (खोलवर उतरवून पुन्हा भरता येणारी), सगळं खरं. पण ॲसिडसकट ती 50 ते 60 किलोची असते, उंच असते, आणि तिच्या टोपणांमधून, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दांड्यांच्या भोकांमधून, होडी कलली की ॲसिड बाहेर येतं. रबरी होडीच्या तळाशी ॲसिड आणि पाणी एकत्र साचलं की होडीही खराब होते आणि पायही भाजतात. शिवाय अशा होडीत एवढं वजन उंचावर ठेवणं धोक्याचं. गाडीची बॅटरी त्याहून वाईट. ती इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेट पातळ असतात आणि पूर्ण उतरवायची सवय तिला नसते. मोसमभर अशी वापरली की ती गाडीही सुरू करू शकत नाही.

लेड-ॲसिडमध्येच राहायचं असेल, तर सीलबंद एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेली) डीप सायकल घ्या. 100 एएचची एजीएम साधारण 30 किलो भरते. तिच्यावर ‘सी20’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ 5 अँपिअरने 20 तास ओढली तर 100 एएच. तिच्यातून 50 अँपिअर ओढले की प्लेटच्या आतपर्यंत रासायनिक क्रिया पोचायला वेळच मिळत नाही, आणि 10.5 व्होल्टला येईपर्यंत हातात 55 ते 60 एएचच पडतात. म्हणजे पूर्ण वेगाने तासभर आणि वर थोडी मिनिटं, तीही बॅटरी पार रिकामी करून. बॅटरी टिकावी म्हणून अर्ध्यावर थांबायचं, तर अर्धा-पाऊण तास. हळू चालवलं की हाच आकडा सुधारतो: 15 अँपिअरला तीच बॅटरी 75 ते 80 एएच देते. वेग कमी ठेवण्याचा लेड-ॲसिडमध्ये असा दुहेरी फायदा आहे. सौर बॅटऱ्यांवर ‘सी10’ लिहिलेलं असतं, म्हणजे तो आकडा 10 तासांत ओढण्याचा. ‘सी10’ची 100 एएच ही ‘सी20’च्या 100 एएचपेक्षा प्रत्यक्षात मोठी असते, त्यामुळे किमतीची तुलना करताना हे अक्षर आधी वाचा.

लिथियम फेरो फॉस्फेट म्हणजे एलएफपी घ्यायची ऐपत असेल, तर होडीसाठी तीच घ्यावी. 12.8 व्होल्ट, 100 एएचची बॅटरी 11 ते 13 किलो, साठा 1280 वॅट-तास, त्यातला 80 ते 90 टक्के बिनधास्त वापरता येतो आणि 50 अँपिअरला क्षमता जवळजवळ घटत नाही. तिच्या पोटात बीएमएस नावाचा पहारेकरी सर्किट असतो. घेताना त्याचा सतत डिस्चार्जचा आकडा विचारा. 50 अँपिअर ओढणाऱ्या मोटरला 50 चा बीएमएस चालणार नाही, 100 चा हवा. पंख्यात शेवाळ किंवा जाळ्याचा दोर अडकला की प्रवाह क्षणात उसळतो आणि बेताचा बीएमएस नेमका तेव्हा वीज तोडतो. आणखी एक गोष्ट. एलएफपी लोडखालीही 13 व्होल्टच्या आसपास राहते, जिथे लेड-ॲसिड 11.8 पर्यंत बसते. त्यामुळे तीच मोटर थोडी जास्त जोरात फिरते आणि जास्त तापते. काही मोटर कंपन्या स्वतःच सांगतात, की लिथियमवर 85 टक्क्यांपुढे फार वेळ चालवू नका.

‘12 व्होल्ट लिथियम’ एवढंच लिहिलेले स्वस्त पॅक बाजारात असतात, त्यांच्यापासून सावध राहा. त्यातले काही एलएफपी नसून एनएमसीचे (निकेल-मँगनीज-कोबाल्ट या दुसऱ्या लिथियम रसायनाचे) तीन सेल ओळीत जोडलेले असतात. त्यांचा पूर्ण चार्ज 12.6 व्होल्ट आहे. त्यांना एलएफपीचा 14.6 व्होल्टचा चार्जर लावला आणि बीएमएस हलका निघाला, तर आग लागू शकते. चार सेलचा एनएमसी पॅक उलट 16.8 पर्यंत जातो आणि मोटरचा कंट्रोलर जाळतो. डब्यावर रसायन आणि पूर्ण चार्जचा व्होल्टेज स्पष्ट छापलेला नसेल, तर तो डबा घेऊ नका.

बॅटरी ठेवायची कुठे, यावर वायरचा सगळा हिशेब अवलंबून आहे. मोटर आणि चालवणारा दोघंही मागे असतात. बॅटरीही मागेच ठेवली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते आणि मागच्या फळीवरून पाणी आत यायला लागतं. म्हणून बॅटरी मध्ये किंवा मध्यापासून थोडी पुढे, तळाशी, नायलॉनच्या पट्ट्याने दोन्ही बाजूंनी आवळून. खोकं असं हवं, की होडी कलली तरी आत बॅटरी सरकणार नाही. तळात पाणी साचतंच, म्हणून खोक्याखाली दोनेक सेंटिमीटरची पट्टी घाला. पण बॅटरी पुढे गेली की वायर लांबते, आणि 12 व्होल्टला लांब वायर म्हणजे तोटा.

तांब्याच्या वायरमधली घट काढायला सोपं सूत्र आहे: 0.0175 गुणिले जाऊन-येऊन एकूण मीटर, भागिले स्क्वेअर एमएम, गुणिले अँपिअर. बॅटरी मोटरपासून तीन मीटरवर असेल, तर वायर एकूण सहा मीटर. घरच्या वायरिंगची 6 स्क्वेअर एमएमची वायर लावली, तर 50 अँपिअरला 0.87 व्होल्ट घट येते. म्हणजे 44 वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. 16 स्क्वेअर एमएमला हीच घट 0.33 व्होल्ट होते. दोन मीटरला 10, तीनला 16, पाचला 25 स्क्वेअर एमएम घेतलं की तिन्ही वेळा घट 0.35 व्होल्टच्या आत-बाहेर राहते, आणि एवढी चालते. वेल्डिंग केबल या कामाला छान: तार बारीक, वायर लवचीक, 16, 25 आणि 35 मध्ये सहज मिळते. फक्त टोक सोलून पाहा. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम सर्रास वेल्डिंग केबल म्हणून विकलं जातं. चाकूने खरवडलं की आतून पांढरं दिसतं. खाऱ्या पाण्यात जाणार असाल, तर कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर घ्या. साध्या तांब्यात खारी हवा वायरच्या आवरणाखालून हातभर आत शिरते, आणि बाहेरून ठणठणीत दिसणारी वायर आत हिरवी होऊन बसते.

टोकाला लग, ज्याला दुकानात थिंबलही म्हणतात, षटकोनी डायच्या क्रिंपरने दाबून घ्या. हातोडीने ठोकलेला लग दोन महिन्यांत सैल होतो. स्वतःकडे क्रिंपर नसेल, तर पॅनेल बांधणाऱ्याकडून चार लग दाबून आणणं सोपं. वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. नुसती सोल्डर करू नका: जोड तापला की कथील मऊ पडतं, आणि सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन होडीच्या थरथरण्याने तुटते. टर्मिनलवर फुलपाखरू नट लावायचा मोह टाळा, साधा नट आणि स्प्रिंग वॉशर लावा. लग टर्मिनलला थेट भिडला पाहिजे, वॉशर त्याच्या वर येतो. लगखाली स्टीलचा वॉशर घातलेला बऱ्याच ठिकाणी दिसतो आणि नेमका तोच जोड तापतो.

फ्यूजचं काम मोटर वाचवण्याचं नाही, वायर वाचवण्याचं आहे. म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, 18 सेंटिमीटरच्या आत. मोटरजवळ लावला, तर मधली तीन मीटर वायर उघडी पडते, आणि ती कुठे घासून शॉर्ट झाली तर तिला तोडणारं कुणी नाही. 55 पाउंडाला 60 अँपिअर. घरच्या डीबीतला (मुख्य स्विचच्या पेटीतला) एसी एमसीबी इथे लावू नका. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्या क्षणी ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येतच नाही. डीसी रेटिंगचा ब्रेकर किंवा बोल्टने बसवायचा फ्यूज घ्या. एलएफपी शॉर्ट झाली, तर क्षणभरात हजारो अँपिअर सोडते, त्यामुळे तिच्यासाठी जास्त प्रवाह तोडू शकणारा क्लास टी किंवा टर्मिनलवरच बसणारा मरीन फ्यूज बरा. काचेचा किंवा गाडीचा पात्याचा फ्यूज या जागी नको.

बॅटरी काढून घरी न्यायची असते, म्हणून मध्ये जोडणी लागतेच. मगरचिमटे अजिबात नकोत. अँडरसन प्लग (मोठ्या प्रवाहाचा, ओढून सुटणारा जोड) चांगला. पण 50 अँपिअरवाला पूर्ण वेगाला अगदी काठावर चालतो आणि उन्हात तापतो, 120 किंवा 175 चा घ्या. मोटरकडचं आणि चार्जरकडचं टोक एकाच प्रकारचं ठेवलं की एक सोय आपोआप होते: चार्जर लावायला मोटर काढावीच लागते. चार्जिंगच्या वेळी मोटर सुटी असणं तसंही गरजेचं आहे.

पाण्यात उतरल्यावर एकदा तपासणी करा. होडी बांधून मोटर पूर्ण वेगाला, मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर, मग मोटरच्या टोकाला. फरक 0.4 व्होल्टच्या वर असेल, तर कुठलातरी जोड खराब आहे. मीटरची एक सळई जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे ठेवून एकेक जोड तपासा. चांगल्या जोडावर 0.05 व्होल्टहून जास्त येत नाही. हे करायला पाच मिनिटं लागतात. ‘बॅटरी लवकर उतरते’ म्हणून नवी बॅटरी घेतली आणि मग दोष एका लगमध्ये निघाला, असं होण्यापेक्षा ही पाच मिनिटं स्वस्त पडतात.

बॅटरी किती उरली, हे मोटरवरच्या चार दिव्यांवरून ठरवू नका. त्या लेड-ॲसिडसाठी आहेत, आणि तिथेही चालू मोटरवर खोटं बोलतात. लेड-ॲसिड मोटर बंद करून अर्धा तास निवांत ठेवली, की 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 11.9 म्हणजे उतरत आलेली, असा ढोबळ अंदाज येतो. एलएफपीत तोही आधार नाही. 13.3 ते 13.0 एवढ्याशा चिमटीत तिचा जवळपास निम्मा साठा दडलेला असतो. तिला शंटवाला मीटर हवा, जो आत-बाहेर गेलेले अँपिअर-तास मोजतो. शंट, म्हणजे प्रवाह मोजायला मध्ये बसवलेली ठरावीक रोधाची पट्टी, निगेटिव्हवर बसतो आणि बॅटरीच्या निगेटिव्हला फक्त शंटची वायर जाते, बाकी सगळं पलीकडे. चार्जरचा निगेटिव्ह थेट बॅटरीला लावला, तर मीटरला चार्ज दिसतच नाही; चार-पाच दिवसांत तो शून्य दाखवतो आणि बॅटरी भरलेली असते. साठ्याचे तीन वाटे करा: एक जाण्याचा, एक येण्याचा, एक हात न लावण्याचा. सह्याद्रीतल्या जलाशयांवर दुपारनंतर वारा उठतो आणि तो बरेचदा परतीलाच तोंडावर येतो. खाडीत तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय अँपिअरच्या हिशेबाला अर्थ नाही. ओहोटीच्या धारेविरुद्ध चारच्या वेगाने चालणारी होडी जागच्या जागी उभी राहू शकते.

24 व्होल्टच्या, 80 पाउंडाच्या मोटरीबद्दल थोडक्यात. दोन बॅटऱ्या ओळीत: पहिलीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला, उरलेल्या दोन टोकांना 24. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. एक जुनी-एक नवी जोडली, की जुनी आधी उतरते आणि नवी तिला उलटी ओढत राहते. एलएफपी ओळीत जोडायला प्रत्येक बीएमएस परवानगी देत नाही, कागद वाचा. 12 व्होल्टच ठेवून साठा वाढवायला दोन बॅटऱ्या समांतर (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह) जोडताना दोन्ही आधी वेगवेगळ्या पूर्ण चार्ज करा, व्होल्टेजमधला फरक 0.1 च्या आत आला की मगच जोडा. मोटरचा पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून घ्या, म्हणजे दोघींवर सारखा भार पडतो.

बॅटरी मरते ती बहुतेक वेळा किनाऱ्यावर, चार्जरच्या हाती. लेड-ॲसिडचं चार्जिंग तीन टप्प्यांत होतं. आधी ठरलेल्या प्रवाहाने व्होल्टेज चढतो. मग 14.4 ते 14.7 ला धरून ठेवतात आणि प्रवाह आपोआप उतरत जातो. शेवटी 13.5-13.6 वर नुसतं सांभाळायचं. जेल बॅटरीला, जिच्यात ॲसिड जेलीसारखं घट्ट असतं, मधला आकडा 14.1-14.2 च हवा, जास्त दिला तर जेलमध्ये फुगे धरतात आणि ते पुन्हा जात नाहीत. प्रवाह क्षमतेच्या दहा टक्के, म्हणजे 100 एएचला 10 अँपिअर. एजीएमला 20 ही चालतात. निम्मी उतरलेली बॅटरी 10 अँपिअरने पाच तासांत भरेल, हा साधा भागाकार फसवा आहे. पंधरा-वीस टक्के वाया जातं आणि शेवटचा टप्पा सावकाश चालतो, म्हणून आठ ते दहा तास धरा. ‘ऐंशी टक्के झाली की काढली’ असं रोज केलं, तर प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी लहान होत जाते. त्याच कारणाने उतरलेली लेड-ॲसिड रविवारी संध्याकाळी घरी आणून शुक्रवारपर्यंत तशीच ठेवू नये, त्याच रात्री चार्जिंगला लावावी.

उन्हाळ्यात आपल्याकडे हे आकडे जरा खाली आणावे लागतात. ते 25 अंशांसाठीचे आहेत. दर अंशाला 12 व्होल्टच्या बॅटरीमागे साधारण 0.024 व्होल्ट कमी. 38 अंशांच्या खोलीत 14.4 च्या जागी 14.1 पुरे. तापमान मोजणारी वायर असलेला चार्जर हे स्वतः करतो. तो नसेल आणि चार्ज होताना बॅटरी हाताला गरम लागत असेल, तर थांबवा.

बाजारात वजनदार, गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मरचे चार्जर अजून मिळतात. त्यांना व्होल्टेजचं बंधन नसतं. गावाकडे रात्री लाइन 250 वर गेली की ते बॅटरीला 15-16 व्होल्ट देत राहतात आणि सकाळी एजीएम फुगलेली सापडते. एसएमपीएस, म्हणजे हलका इलेक्ट्रॉनिक, चार्जर घ्या, कमी-जास्त लाइनवरही स्थिर राहणारा, आणि बॅटरीचा प्रकार निवडता येणारा. बॅटरीच्या दुकानात ‘चार्जिंगला टाकणं’ ही जुनी सोय फक्त पाणी टाकायच्या बॅटऱ्यांसाठी आहे. तिथे पाच-सहा बॅटऱ्या ओळीत जोडून एकाच रेक्टिफायरवर ठराविक प्रवाहाने ठेवतात. एलएफपी त्या ओळीत लागली आणि तिचा बीएमएस मध्येच उघडला, तर सगळ्या ओळीचा व्होल्टेज त्याच्या मॉसफेटवर (वीज तोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर) येतो आणि ते जळून जातात.

पाण्याच्या बॅटरीला पाणी चार्ज झाल्यावर टाका. आधी भरलं, तर चार्ज होताना वर येऊन सांडतं. प्लेट उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडतील एवढं आधी. पाणी डिस्टिल्डच. घरच्या आरओच्या पाण्यात क्षार उरलेलेच असतात, आणि एसीतून ठिबकणाऱ्या पाण्यात धूळ असते. दोन्ही बॅटरीत जाऊ नयेत. भारतीय ट्यूब्युलरची पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची पाण्याच्या तुलनेतली घनता, बहुधा 1.240 च्या जवळ असते, परदेशी पुस्तकातल्या 1.265-1.280 शी ती ताडून बॅटरी खराब ठरवू नका. सहा खणांत 0.030 हून जास्त फरक दिसला, तर ते खरं दुखणं. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. म्हणून खोक्याचं झाकण उघडं, चार्जर खोक्याबाहेर, आणि क्रम पाळा: आधी बॅटरीला जोड, मग भिंतीतलं बटण, काढताना आधी बटण बंद.

एलएफपीचं चार्जिंग सोपं आहे, फक्त तिचाच चार्जर हवा. 14.6 ही कमाल; 14.2 ते 14.4 वर अर्धा तास धरलं तरी बॅटरी भरते आणि आतल्या सेलना एकमेकांच्या बरोबरीला यायला वेळ मिळतो. बीएमएसचा हा समतोल साधायचा प्रवाह फार छोटा असतो, म्हणून महिन्यातून एकदा तरी बॅटरी अशी पूर्ण भरावी. रोज भरलीच पाहिजे असं नाही. 20 अँपिअरच्या चार्जरने वीस टक्क्यांवरून भरायला साडेचार तास लागतात. लेड-ॲसिडचा चार्जर वापरायची वेळ आली, तर ‘रिकंडिशन’, ‘डिसल्फेशन’ किंवा ‘इक्वलाइझ’ बंद करता येतं ना ते आधी पाहा. तो 15-16 व्होल्टचा टप्पा एलएफपीचा बीएमएस तोडतो किंवा मारतो. पूर्ण उतरवलेली एलएफपी कधी टर्मिनलवर शून्य व्होल्ट दाखवते. ती मेलेली नसते, बीएमएसने दार लावलेलं असतं. शहाणा चार्जर मात्र ‘बॅटरीच नाही’ समजून सुरू होत नाही. लिथियम जागं करायची सोय असलेला चार्जर हे सोडवतो. उन्हात तापलेली बॅटरी काढून लगेच चार्जिंगला लावू नका. बहुतेक एलएफपींना 45 अंशांवर चार्ज चालत नाही. उन्हात बंद गाडीच्या डिकीत ती तेवढी सहज तापते. तासभर सावलीत ठेवा.

जलाशयाकाठी मुक्काम असेल, तर 100 वॅटचं सौर पॅनेल दिवसाला 350 ते 400 वॅट-तास देतं, म्हणजे बॅटरीत 28-30 एएच. चारच्या वेगाने दोन तास. पॅनेलवर झाडाची किंवा छत्रीची एक पट्टीभर सावली पडली, तरी उत्पन्न एकदम कोसळतं. चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी जोडा, मग पॅनेल. उलट केलं, तर काही कंट्रोलर व्होल्टेज चुकीचा ओळखतात. एलएफपीचं सेटिंग नसलेला स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर यासाठी नको.

जूनमध्ये होड्या वर काढल्या की बॅटरी चार महिने पडून राहते. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवा, दर महिन्याला एकदा पुन्हा भरा, कारण उकाड्यात ती स्वतःच उतरते. एलएफपी उलट: निम्म्यावर आणून, शंट मीटरची वायरसुद्धा काढून, कोरड्या खोलीत. भरलेली ठेवली, तर लगेच काही बिघडत नाही, पण वय लवकर सरतं. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, वाळवून, व्हॅसलीनचा हात द्या. सोड्याचं पाणी टोपणाच्या भोकातून आत जाऊ देऊ नका. वायरच्या गुंडाळ्या जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगा, पावसाळ्यात उंदरांना त्यांचं आवरण आवडतं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा जोडताना सगळे नट आवळून, तीच धक्क्याला बांधून करायची व्होल्टची तपासणी करा आणि आकडे मागच्या वर्षीच्या कागदाशेजारी लिहा.